कुत्र्याची जात आणि माणसाचा श्वास



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलावले तेव्हा त्यांची अशी समजूत असावी की, हा गृहस्थ कामगार चळवळीतला, तेव्हा तो बोनस, महागाईभत्ता किंवा संपाचा हक्क यांवर बोलेल. विषय कळवा असे पत्र आले. मी कळविले, 'घरात कुणाला अ‍ॅलर्जी असेल तर कुत्रा कसा निवडावा.' चिटणीसांचा फोन आला आणि 'विषय नक्की हाच ना?' असे त्यांनी मला दोनदा विचारले. मी म्हणालो, हाच.

आपल्यापैकी काहींना हसू येत आहे, ते मला इथून दिसते आहे. खुशाल हसा. पण आज या सभागृहात असे एकही घर नसेल की ज्यात शिंकांनी, अंगावर उठणाऱ्या गांधींनी किंवा दम्याने हैराण झालेले एखादे माणूस नाही. आणि ज्या घरात मूल आहे त्या घरात 'आपण कुत्रा आणू या' हा हट्ट आज ना उद्या निघणार आहे. या दोन गोष्टी एका छपराखाली आल्या की काय होते, ते मी माझ्या घरात पाहिले आहे. मी डॉक्टर नाही. माझी शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण नगर वाचनालयात आणि कारखान्यांच्या फाटकांवर झाले. चळवळीत मी दुसऱ्यांच्या चुका पुष्कळ मोजल्या. आज स्वतःची एक सांगतो, आणि तिच्यानंतर जे वाचले, विचारले, समजून घेतले तेही सांगतो.

सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. माझी थोरली मुलगी तेव्हा अकरा वर्षांची, धाकटा मुलगा सात वर्षांचा. मुलाला लहानपणापासून बालदमा. पावसाळा लागला की त्याची छाती वाजू लागे आणि त्याला खांद्याशी उभा धरून आम्ही रात्री काढीत असू. मुलीने वार्षिक परीक्षेआधी माझ्याकडून वचन घेतले होते की, पहिला नंबर आला तर कुत्रा आणायचा. पहिला नंबर आला. आता शब्द मोडायचा कसा? मी जिल्ह्याच्या ठिकाणी एका विक्रेत्याकडे गेलो आणि घरची सारी हकिकत त्याला सांगितली. तो म्हणाला, "काही चिंता करू नका. ही जात अ‍ॅलर्जीवाल्यांसाठीच आहे. हिचे केस गळत नाहीत. अमेरिकेच्या अध्यक्षांच्या मुलीला अ‍ॅलर्जी आहे, त्यांनीसुद्धा असाच कुत्रा आणला." माझ्या दोन महिन्यांच्या मानधनाएवढी किंमत मोजून मी ते पांढरे, कुरळ्या केसांचे पिल्लू घरी आणले. मालकाचा करारनामा शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याशिवाय मी कधी सही केलेली नाही. पण त्या दिवशी दुकानदाराच्या तोंडच्या शब्दावर व्यवहार केला.

मुलीने त्याचे नाव मोती ठेवले. पहिले तीन आठवडे आनंदात गेले. मग मुलगा सकाळी डोळे चोळू लागला, शिंकू लागला. आम्ही म्हटले, हवा बदलली. पुढे रात्री खोकला सुरू झाला. आम्ही म्हटले, केळे खाल्ले असेल. खरी गोष्ट अशी की, मुलाला स्वतःला कळले होते. मोती जवळ आला की आपली छाती आवळते हे त्याच्या ध्यानात आले होते. पण बोललो तर मोतीला नेतील या भीतीने तो गप्प राहिला. तोंडावर पांघरूण घेऊन तो खोकत असे. सातव्या आठवड्यात एका रात्री त्याला दोन शब्द सलग बोलता येईनात. ओठ निळसर पडले. रिक्षा करून रुग्णालयात नेले. वाफ आणि प्राणवायू दिला, दोन दिवस तेथे ठेवले. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "घरात नवीन काय आले आहे?"

त्याच दिवशी दुपारी मी मोतीला उचलले आणि गावाबाहेर एका ओळखीच्या यंत्रमाग कारखान्यात रखवालदाराच्या स्वाधीन केले. मुलगी शाळेतून आली तेव्हा दाराशी मोतीची वाटी होती, मोती नव्हता. मी रविवारी त्याला पाहावयास जात असे. तो साखळीला बांधलेला असे आणि मला पाहून साखळी ताणीत असे. चौथ्या महिन्यात गेलो तर नुसती साखळी. रखवालदार म्हणाला, "मान काढून गेला कुठेतरी." दोन दिवस त्या वस्तीतून सायकलवर हिंडलो. तो सापडला नाही. मुलीने मला एकच विचारले, "बाबा, त्याला नोटीस दिली होती का?" हा शब्द तिने माझ्याच तोंडून शेकडो वेळा ऐकला होता. मला उत्तर देता आले नाही, आणि खरे म्हणजे आजही येत नाही.

तेव्हापासून मी या प्रकरणाच्या मुळाशी जावयाचे ठरविले. माझी पहिली शंका अशी होती की, दुकानदार खोटे बोलला, का मलाच काही कळले नाही? केस तर खरोखरीच गळत नव्हते.

आपल्या आजीच्या भाषेत एक सुरेख शब्द आहे : वावडे. 'त्याला वांग्याचे वावडे आहे' असे आपण म्हणतो. दुसऱ्याला जे मानवते ते एखाद्याला मानवत नाही, ही गोष्ट आपल्या लोकांनी फार पूर्वी टिपली. 'अ‍ॅलर्जी' हा शब्द मात्र १९०६ साली व्हिएन्ना येथील क्लेमेन्स फॉन पिर्के या बालरोगतज्ज्ञाने घडविला. शरीरात ही उलथापालथ कोण करतो याचा शोध लागावयास त्यानंतर साठ वर्षे गेली. १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेत किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या जपानी दांपत्याने, आणि स्वतंत्रपणे स्वीडनमधील संशोधकांनी, रक्तातील तो पदार्थ ओळखला. त्याला आय-जी-ई म्हणतात. आपल्या शरीराला चोर ओळखणारे पहारेकरी असतात. अ‍ॅलर्जीच्या माणसाचे पहारेकरी निरुपद्रवी पाहुण्यालाच चोर समजतात आणि गलका करतात. मग काही पेशींतून हिस्टामिन नावाचे द्रव्य सुटते. नाक वाहते, डोळे चुरचुरतात, आणि दम्याचा रोगी असेल तर श्वासनलिका आवळतात.

आता कुत्र्यात हा पाहुणा कोणता? इथेच आपली सर्वांची समजूत चुकते. तो पाहुणा केस नव्हे. कुत्र्याच्या लाळेत, कातडीवरून झडणाऱ्या बारीक कोंड्यात आणि मूत्रात काही प्रथिने असतात. त्यांतल्या प्रमुख प्रथिनाला शास्त्रज्ञांनी 'कॅन एफ १' असे नाव दिले आहे. कुत्रा अंग चाटतो, लाळ केसांवर वाळते, कोंडा झडतो, आणि हे सारे इतक्या सूक्ष्म कणांच्या रूपाने हवेत तरंगते की, झाडूने ते निघत नाही, उलट उडते. ते गादीत बसते, पडद्यात बसते, कपड्यांवरून कुत्रा नसलेल्या घरांत आणि शाळांतही जाते. कुत्रा घरातून गेल्यावरही ते काही महिने घरात राहते. केस हे फार तर त्याचे वाहन आहे. वाहन थांबले म्हणून माल तयार होणे थांबत नाही. ज्याला केस नाहीत अशा कुत्र्यालाही कातडी आहे, जीभ आहे, लाळ आहे.

मग 'अमक्या जातीच्या कुत्र्याची अ‍ॅलर्जी होत नाही' ही कल्पना आली कुठून? तिचा एक इतिहास आहे, आणि तो मोठा बोधप्रद आहे. ऑस्ट्रेलियात अंध माणसांना वाट दाखविणारे कुत्रे तयार करणारी एक संस्था आहे. तेथे वॉली कॉनरन नावाचे गृहस्थ कुत्र्यांच्या पैदाशीचे काम पाहत. १९८० नंतरच्या दशकात हवाई बेटांवरील एका अंध बाईंची मागणी आली की, मला वाटाड्या कुत्रा हवा. पण माझ्या पतीला कुत्र्यांची अ‍ॅलर्जी आहे, तर काय करावे? कॉनरन यांनी प्रथम पूडल जातीचे कुत्रे शिकवून पाहिले. तीसहून अधिक कुत्रे पाहिले. एकही वाटाड्याच्या कामास उतरला नाही. तेव्हा १९८९ च्या सुमारास त्यांनी लॅब्राडोर आणि पूडल यांचा संकर केला. तीन पिल्ले झाली. त्या तिघांचे केस आणि लाळ त्यांनी हवाईला त्या पतीकडे तपासणीसाठी पाठविली.

मंडळी, इथे लक्ष द्या. पिल्ले तीन, आई एक, बाप एक, वीत एक. त्यांतल्या एकाच पिल्लाने त्या माणसाला त्रास झाला नाही. त्या पिल्लाचे नाव सुलतान. तो हवाईला गेला आणि त्याने आपले काम चोख केले. उरलेल्या दोघांना, संकरित म्हणून, सांभाळायला घरे मिळेनात. तेव्हा या नव्या कुत्र्याला 'लॅब्राडूडल' असे नाव देऊन ते वृत्तपत्रांतून जाहीर करण्यात आले. झाले! जी घरे संकरित पिल्लू नको म्हणत होती त्यांचीच रांग लागली. पुढच्या वेतात दहा पिल्ले झाली, त्यांतलीही मोजकीच त्या कसोटीला उतरली, असे कॉनरन यांनीच पुढे सांगितले. पण हे ऐकावयास जगाला सवड नव्हती. नाव झाले होते, बाजार उभा राहिला होता. म्हातारपणी त्या माणसाने या शोधाचा पश्चात्ताप होतो असे उघडपणे सांगितले. कारण त्याने एका रोग्यासाठी एक कुत्रा शोधला होता, आणि व्यापाऱ्यांनी त्याची जात विकली.

शास्त्रज्ञांनी हा दावा पुढे मोजूनही पाहिला. अमेरिकेतील डेट्रॉइट येथे संशोधकांनी कुत्रा असलेल्या १७३ घरांतील धूळ तपासली आणि २०११ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. त्या घरांत साठ जातींचे कुत्रे होते. अ‍ॅलर्जी न करणाऱ्या म्हणून मिरविणाऱ्या जातींच्या घरांत आणि इतर घरांत कॅन एफ १ च्या प्रमाणात फरक आढळला नाही. २०१२ साली नेदरलंड्समधील संशोधकांनी कुत्र्यांच्या अंगावरचे केस तपासले. तेथे तर या मिरविणाऱ्या जातींच्या केसांतच ते प्रथिन जास्त निघाले! लॅब्राडूडलच्या घरातील जमिनीवरच्या धुळीत ते थोडे कमी सापडले, पण हवेत काही फरक नव्हता. एकाच जातीच्या दोन कुत्र्यांतही पुष्कळ तफावत असते.

आता अमेरिकेच्या अध्यक्षांचे. बराक ओबामा यांनी ४ नोव्हेंबर २००८ च्या रात्री, निवडणूक जिंकल्यानंतरच्या भाषणात, मुलींना पिल्लू देण्याचे वचन जाहीरपणे दिले. थोरल्या मुलीला अ‍ॅलर्जी होती. एप्रिल २००९ मध्ये 'बो' नावाचा पोर्तुगीज वॉटर डॉग या जातीचा कुत्रा त्यांच्या घरी आला. सेनेटर एडवर्ड केनेडी यांची ती भेट होती. ही गोष्ट खरी आहे. दुकानदार खोटे बोलला नाही. पण तिने माझ्या मुलाविषयी काहीच सिद्ध होत नव्हते. शिवाय व्हाइट हाउसमध्ये १३२ खोल्या आहेत आणि पुसायला माणसे आहेत. माझ्या घरी दोन खोल्या आणि एक फडके.

तात्पर्य काय? आम्ही चळवळीत तीस वर्षे सांगत आलो की, माणूस जातीवरून पारखू नका, त्याचे काम पाहा. तेच कुत्र्याला लागू आहे. 'कोणती जात आणू?' हा प्रश्नच चुकीचा. 'हा कुत्रा या रोग्याला मानवतो काय?' एवढाच प्रश्न विचारण्यासारखा आहे, आणि त्याचे उत्तर पुस्तकात किंवा दुकानात मिळत नाही. त्या दोघांची गाठ घालूनच मिळते.

पण त्याआधी एक गोष्ट. रोग्यावर विश्वास ठेवावयास शिका. सूतगिरण्यांतील कार्डिंग खात्यात कापसाच्या धुळीने कामगारांना एक छातीचा आजार होतो. त्याला बिसिनोसिस म्हणतात. तो अ‍ॅलर्जीहून वेगळा आहे; पण त्याची एक खूण ऐकण्यासारखी आहे. साप्ताहिक सुटी घेऊन कामगार सोमवारी कामावर आला की त्या दिवशी छाती सर्वांत जास्त आवळते. कामगार हे सांगू लागला की मुकादम म्हणे, 'सोमवारीच बरा दम लागतो! रविवारची उतरली नाही वाटते?' कामगार खरे सांगत होता. ती त्या रोगाचीच खूण होती. घरातही आपण असेच वागतो. 'मनाचे खेळ आहेत', 'सवय होईल', 'लाड पुरे'. मी माझ्या मुलाला हेच म्हणालो होतो, आणि म्हणूनच तो पांघरुणात तोंड घालून खोकला. सवय होईल या भरवशावर कुणीही बसू नये. काहींचा त्रास दिवसेंदिवस वाढत जातो.

कोणी विचारील की, कुत्र्याच्या सहवासात वाढलेल्या मुलांना दमा कमी होतो असे वाचले आहे, ते खोटे काय? खोटे नाही. स्वीडनमधील फार मोठ्या संख्येच्या मुलांच्या पाहणीत, २०१५ साली, असे दिसले की पहिल्या वर्षात घरी कुत्रा असलेल्या मुलांत पुढे शाळेच्या वयात दम्याचे प्रमाण काहीसे कमी होते. पण ही गोष्ट तान्ह्या वयातली आणि सरासरीची आहे. ज्याला दमा जडलेला आहे त्याच्यावर कुत्रा हे औषध नव्हे.

आता प्रत्यक्ष काय करावे ते क्रमाने सांगतो.

पहिले, वावडे कशाचे आहे ते शोधा. आपल्या घरांत कुत्र्यापेक्षा गादीतील धुळीचे सूक्ष्म किडे, झुरळे आणि बुरशी यांनी दमेकऱ्यांना छळलेले असते. आपल्या महाराष्ट्रात गाजरगवत आहेच. कातडीवर टोचून किंवा रक्त तपासून कशाची अ‍ॅलर्जी आहे ते पाहता येते. कित्येक वेळा कुत्रा निर्दोष सुटतो आणि जुनी गादी दोषी ठरते. हेही ध्यानात घ्या की, तपासणीत दोष निघाला म्हणजे त्रास होईलच असे नाही. म्हणून तपासणी आणि अनुभव दोन्ही हवेत. काही रोग्यांना फक्त नराच्या एका प्रथिनाची अ‍ॅलर्जी असते. ते प्रोस्टेट ग्रंथीत तयार होते आणि मूत्रातून बाहेर पडते. अशांना मादी, किंवा खच्ची केलेला नर, मानवण्याचा संभव असतो. हे डॉक्टरांना मुद्दाम विचारा.

दुसरे, आधी दमा ताब्यात आणा, मग कुत्र्याचे नाव काढा. आपल्याकडे पंपाची फार भीती. 'सवय लागते' म्हणून माणसे रोजचा पंप सोडून देतात आणि रात्री रुग्णालयात धावतात. पंपाचे व्यसन लागत नाही. औषध नेमके छातीत आणि थोडक्या मात्रेत जाते. ज्याचा दमा औषध घेऊनही उसळतो, त्याच्या घरात कुत्रा आणू नये. इथे भीड धरू नका. अ‍ॅलर्जीची इंजेक्शने देऊन शरीराला हळूहळू सवय लावण्याचा उपचार आहे. पण तो तीन ते पाच वर्षे चालतो आणि कुत्र्याच्या बाबतीत त्याचा गुण सर्वांना सारखा येत नाही.

तिसरे, पिल्लाऐवजी वाढलेला कुत्रा पाहा. पिल्लू आज जसे आहे तसे वर्षाने राहत नाही. त्याची लव जाऊन केस येतात, ते वाढते. वाढलेल्या कुत्र्याची परीक्षा घेता येते. मग तो गावठी असो, नाहीतर विलायती. आपला गावठी कुत्रा या परीक्षेत कुणाहून कमी नाही, आणि त्याला किंमतही पडत नाही. डॉक्टरांना विचारून रोग्याला त्या कुत्र्याकडे न्या. पहिल्यांदा अंगणात अर्धा तास. मग तो राहतो त्या घरात, दारे लावून, तास-दोन तास. एकदा नव्हे, चार-पाच वेळा. पंप खिशात असू द्या. त्या रात्रीचे आणि दुसऱ्या सकाळचे लिहून ठेवा. हे सारे पार पडले तर मालकाशी बोलून कुत्रा काही आठवडे घरी आणा, परत करण्याच्या बोलीवर. माझ्या घरी पहिले तीन आठवडे काहीच झाले नव्हते, हे विसरू नका.

चौथे, कामाची वाटणी आधी करा. कुत्र्याला आंघोळ घातली की अंगावरचे प्रथिन कमी होते, पण ते लवकरच पुन्हा भरून येते. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनानुसार आठवड्यातून दोनदा आंघोळ घातली तरच तो उतार टिकतो. कुत्र्याच्या कातडीला हे सोसेल काय, ते पशुवैद्याला विचारावे. रोग्याच्या झोपण्याच्या खोलीत कुत्रा कधीच जाता कामा नये. एक दिवस लाडाने गेला की महिन्याची मेहनत वाया जाते. गालिचा नको, आपली शहाबादी फरशी उत्तम, पण ती ओल्या फडक्याने पुसावी, झाडून धूळ उडवू नये. यातले कोणतेही काम रोग्याने करावयाचे नाही. आणि खरे बोलावयाचे तर, आपल्या घरांत ही सारी कामे शेवटी बाईच्या अंगावर पडतात. तेव्हा तिचा होकार घेतल्याशिवाय कुत्रा आणणे म्हणजे कामगाराला न विचारता पाळीचे तास वाढविणे होय.

पाचवे, रोग्याला नकाराचा पूर्ण हक्क द्या, आणि तो वापरल्याबद्दल कुणी त्याला दोष देणार नाही असे सर्वांनी त्याच्यासमोर कबूल करा. मूल असेल तर हे फारच जपून करावे लागते. माझ्या मुलाला हा हक्क मिळाला असता तर ती रात्र आली नसती.

सहावे, आणि हे माझे स्वतःचे कलम आहे, कुत्र्याची बाजू मांडा. सर्व काळजी घेऊनही जमले नाही तर तो कुठे जाणार, कोणाच्या घरी, हे तो यायच्या आधी ठरवा. त्या माणसाशी बोलून ठेवा. १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याखाली, उपासमारीने किंवा तहानेने हाल होतील अशा स्थितीत प्राण्याला विनाकारण सोडून देणे हा गुन्हा आहे. पण कायद्याचे राहू द्या. घरातल्या करारात चार जण सह्या करतात. पाचवा मुका आहे, त्याला सही येत नाही, आणि करार मोडला तर सर्वांत मोठा तोटा त्याचा होतो. त्याच्या वतीने कुणीतरी बोलले पाहिजे.

हे सारे मी पुढे एकदा करून पाहिले. मोती गेल्यावर पाच वर्षांनी मुलीने पुन्हा विषय काढला. मुलगा बारा वर्षांचा झाला होता, रोजच्या पंपाने त्याचा दमा ताब्यात होता. शेजारच्या आळीतले एक निवृत्त शिक्षक मुलाकडे पुण्याला जाणार होते आणि त्यांना आपल्या गावठी कुत्र्यासाठी घर हवे होते. आम्ही डॉक्टरांना विचारले आणि रविवारी जाऊ लागलो. अंगणात काही झाले नाही. घरात पहिल्या खेपेला काही झाले नाही. दुसऱ्या खेपेला शिंका आल्या. तिसऱ्या खेपेला पाऊण तासाने मुलगा माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "बाबा, छाती आवळते आहे." मी त्याला बाहेर आणले, पंप दिला, दहा-पंधरा मिनिटांत तो सावरला. आम्ही शिक्षकांना नकार कळविला. पुढे त्या कुत्र्याला दुसरे चांगले घर मिळाले.

आपण म्हणाल, मग एवढ्या खटाटोपाचा उपयोग काय झाला? कुत्रा तर आला नाही. खरे आहे. पण पहिल्या खेपेचा आणि या खेपेचा हिशेब शेजारी शेजारी मांडून पाहा. पहिल्या खेपेला मुलगा रुग्णालयात गेला, मोती साखळीला गेला आणि मुलीचा माझ्यावरचा विश्वास गेला. दुसऱ्या खेपेला आमचे चार रविवार गेले. मुलगी त्या दिवशी रडली, पण तिने भावाला बोल लावला नाही. कारण सारे तिच्या डोळ्यांदेखत, सर्वांच्या मताने झाले होते. आणि मुख्य म्हणजे, मुलाने तोंड लपविले नाही. वाटाघाट करून करार झाला नाही, तर ती वाटाघाट फुकट गेली असे मी मानीत नाही. पुष्कळ घरांत असाच प्रयोग यशस्वी होतो आणि कुत्रा बारा-पंधरा वर्षे सुखाने नांदतो, हेही मी पाहिले आहे.

आता मुलगी तिच्या घरी सुखी आहे. तिच्याकडे कुत्रा आहे. रस्त्यावरून उचललेला, कोणत्या जातीचा ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. भाऊबीजेला भाऊ जातो, तेव्हा ती आदल्या दिवशी घर ओल्या फडक्याने पुसून घेते, ओवाळणी अंगणातच करते, आणि हा निघण्यापूर्वी आपले औषध घेतो. कुत्रा आतल्या खोलीच्या खिडकीतून पाहत असतो. तिघांचेही बरे चालले आहे.

महाभारतात शेवटी धर्मराज हिमालय चढून गेले तेव्हा भाऊ आणि पत्नी वाटेत गळून पडले होते, सोबत एक कुत्रा तेवढा राहिला होता. इंद्र म्हणाला, रथात बस, पण या कुत्र्याला सोड. धर्मराज म्हणाले, जो माझ्या आश्रयाला आला त्याला सोडून मला स्वर्ग नको. ही कथा आपण सर्वांनी लहानपणी ऐकली. तो कुत्रा कोणत्या जातीचा होता, हे धर्मराजांनी विचारल्याचे मात्र कुठे लिहिलेले नाही. आपण काही धर्मराज नव्हे, आणि घरात मुलाचा श्वास अडला तर त्याला जपणे हेच आपले पहिले कर्तव्य आहे. म्हणून तर निर्णय कुत्रा आश्रयाला येण्यापूर्वी करावयाचा. एकदा तो उंबऱ्याच्या आत आला, की 'जमत नाही' म्हणून त्याला साखळीसकट दुसऱ्याच्या दारी बांधून येणे फार सोपे असते. मी ते एका दुपारी केले आहे.